‘सरोवरस्वप्न’चा पत्ता

ती दात घासत होती, आणि नळाने खोकल्यासारखा आवाज करून मान टाकली.

“घोषणाताई,” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “तुमच्या पाहुण्यांनी आजही टाकी कोरडी केली बरं का! आता जा तशाच फेसभरल्या तोंडाने ऑफिसला. कुणी विचारलंच तर सांगा, नवी फॅशन आहे.”

घोषणाताई हे तिचं ऑफिसमधलं टोपणनाव. ती जाहिराती लिहायची. दोन-चार शब्दांत माणसाला घरातून उठवून प्रवासाला लावायची तिची हातोटी अशी, की साहेब तिला कौतुकाने घोषणाताई म्हणू लागले. सासूबाईंनी ते नाव उचललं ते चिडवायला. त्या नागरिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. वर्गात आवाज चढवायची सवय गेली नव्हती, आणि चिमटे काढायची तर वाढली होती.

तिने कोपऱ्यातल्या कळशीतून तांब्याभर पाणी घेऊन चूळ भरली. आता यावर काय बोलणार? पाहुणे तिचेच होते म्हणायचे!

तळ्याकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीतली ती जुनी तीन मजली इमारत. एके काळी प्रत्येक दाराआड एक संसार होता. शिंपी होता, औषधाच्या दुकानातला कारकून होता, शिकवण्या घेणाऱ्या दोघी बहिणी होत्या. आता दारादारावर आकडे फिरवायच्या कुलपांच्या छोट्या पेट्या लटकत होत्या. पाहुणे यायचे, आकडे फिरवायचे, किल्ली काढायचे, दोन रात्री राहून चाकांच्या बॅगा खडखडवत निघून जायचे. जिन्यात भेटलेल्या माणसाकडे बघून हसावं की नाही, हेसुद्धा कळेनासं झालं होतं. पुन्हा थोडाच दिसणार तो!

सुरुवात मात्र अशी नव्हती. घरं वाटून घेण्याच्या एका अ‍ॅपचं काम तिच्या कंपनीला मिळालं, तेव्हा तिचा त्यावर मनापासून विश्वास बसला होता. घरातली एक रिकामी खोली पाहुण्याला द्यायची. पाहुण्याला घरचा चहा मिळेल, घराला थोडा हातभार लागेल, आणि नवी हॉटेलं बांधायला तळ्याकाठची झाडं तोडावी लागणार नाहीत. यात वाईट काय? तिने लिहिलं, ‘हॉटेलात उतरू नका, घरात राहा.’ ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. गाव भरू लागलं. मग मालकांना वाटलं, एकच खोली का, अख्खं घर का नको? आणि अख्खं घर द्यायचं तर भाडेकरू कशाला ठेवा? एकेक संसार बाहेर पडत गेला. ‘वाटून घेऊ या’ हे शब्द जाहिरातीत तसेच राहिले; पण वाटून घ्यायला त्या घरांत कुणी उरलंच नव्हतं.

वर त्या प्रत्येक घराला एक हिरव्या पानाची खूण मिळाली होती, ‘निसर्गस्नेही मुक्काम’. ती मिळवायला काय करावं लागायचं? न्हाणीघरात एक कार्ड लावायचं: टॉवेल रोज धुवायला टाकू नका. बस्स.

“टॉवेल वाचवला आणि टाकी संपवली,” सासूबाई म्हणायच्या. “पान छापलं की हिरवं होतं होय गं? मग माझ्या पांढऱ्या केसांवर पण छाप एखादं काळं काहीतरी!”

ती हसायची. हसून विषय टाळता येत होता तोवर तिने तो टाळला.

त्याच दिवशी संध्याकाळी घरमालक आले. आले ते दारातच घुटमळले. एरवी ‘मावशी, चहा टाका’ म्हणत थेट आत शिरणारा माणूस. त्यांची आई याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ती गेल्यावर तिचं घर सगळ्यात आधी अ‍ॅपवर गेलं होतं.

“वहिनी, कसं सांगू कळत नाही,” ते चपलेकडे बघत म्हणाले. “हा मजलाही पाहुण्यांना द्यावा म्हणतो. सगळेच देताहेत. तुम्हाला महिनाअखेर जागा सोडावी लागेल.”

“दादा! इतक्या वर्षांनी?” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

“तुम्हीच तर म्हणता ना जाहिरातीत,” ते ओशाळं हसले, “घराला कामाला लावा म्हणून.”

म्हणत होती खरी. तिचंच वाक्य होतं ते.

त्यानंतर सुरू झाली वणवण. नवरा तळ्यावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो कामावरून आला की दोघं मिळून घरं बघायला बाहेर पडायची. बघायला घरं होतीच कुठे? एका मालकाने सरळ सांगितलं, “भाडेकरू नको बुवा. भाडेकरू खिळा ठोकतो, तक्रार करतो. पाहुणा फोटो काढतो आणि जातो.” दुसरी बाई दार अर्धवट उघडून म्हणाली, “होती जागा. कालच अ‍ॅपवर टाकली.” तिसरीकडे गच्चीवरची पत्र्याची खोली होती, तीही म्हणे हंगाम संपेपर्यंतच. सासूबाईंचे गुडघे बघता तिथवर चढणं म्हणजे डोंगर चढण्यासारखंच.

“मी तरी कुणाला नावं ठेवू?” नवरा परतताना म्हणाला. “पाहुणे नसते तर बोटी नसत्या. बोटी नसत्या तर मला कोण विचारतं?”

“मी कुठे काय म्हणतेय?”

“तू काही म्हणत नाहीयेस, हेच तर म्हणतोय मी.”

घरी येऊन तिने मोबाइलवर गावातली घरं चाळायला घेतली. प्रत्येक खोलीखाली तिचीच वाक्यं. ‘इथल्या खिडकीत सकाळ आधी येते.’ ‘पायरी उतरलात की तळं.’ आपल्याच शब्दांनी भरलेल्या गावात आपल्यालाच पाय ठेवायला जागा नाही!

आणि मग तो दिवस उजाडला.

दुपारची वेळ. ऑफिसात पुढच्या हंगामाच्या मोहिमेची बैठक चालू होती. साहेबांचा दंडक असा, की बैठकीत सगळ्यांचे फोन बंद. नवरा तळ्याच्या पलीकडच्या काठावर एका अडकलेल्या बोटीत मान घालून बसलेला. सासूबाई दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा कधीचा सैल झाला होता. पूर्वी अशी गोष्ट आठवडाभरही टिकली नसती. शिंप्याने मालकाचं डोकं खाल्लं असतं, नाहीतर स्वतःच तारेने बांधून टाकला असता. पण दोन रात्रींच्या पाहुण्याला कठड्याचं काय पडलंय? आणि घोषणाताई रोज म्हणायची, उद्या सांगते मालकांना.

कठडा हातात आला आणि सासूबाई खाली कोसळल्या. थेट तळमजल्यापर्यंत.

कमरेतून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी त्यांनी धीर सोडला नाही. हाताच्या कोपरांवर अंग ओढत ओढत त्या डाव्या हाताच्या दाराशी गेल्या. ते मैत्रिणीचं दार. इतकी वर्षं काही झालं की त्या याच दाराशी जायच्या. ती जाऊन काळ लोटला होता, पण दुखण्यात माणसाला कुठलं भान! त्यांनी दार बडवलं. मैत्रिणीला नावाने हाका मारल्या. आत कुणी नव्हतं. पाहुणे तळ्यावर गेले होते. मग वरच्या मजल्यांकडे तोंड करून त्या ओरडल्या. एकही दार उघडलं नाही. शेजार नावाचं काही तिथे उरलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने समोरच्या घरातलं एक परदेशी जोडपं बाहेरून परत आलं. माणसं फार चांगली होती हो! बाई तिथेच जमिनीवर बसली, सासूबाईंचं डोकं तिने मांडीवर घेतलं. पण तोवर त्यांची शुद्ध हरपत चालली होती. त्या पुरुषाने रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून विचारलं, पत्ता सांगा.

पत्ता? त्याला पत्ता ठाऊक नव्हता. गल्लीचं नाव नाही, इमारतीचं नाव नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं, की आपण ‘सरोवरस्वप्न’मध्ये राहतो. ते नाव घोषणाताईनेच तर ठेवलं होतं. त्या नावाची इमारत गावात कुठेच नव्हती.

मग त्याने अ‍ॅपमधल्या नकाशावरची खूण पाठवली. रुग्णवाहिका त्या खुणेवर बरोबर पोचली. पोचली ती तळ्याच्या काठावर, बोटींच्या धक्क्यापाशी! कारण घर तळ्यालगत दिसावं, म्हणून जाहिरात करताना ती खूण पाण्याकडे सरकवलेली होती. सगळ्याच घरांच्या खुणा अशा सरकवलेल्या. घोषणाताईच्या शेजारच्याच टेबलावर ते काम झालं होतं. “एवढंसं इकडेतिकडे काय होतंय!” असं साहेब म्हणाले होते, आणि तीही हसली होती.

रुग्णवाहिका धक्क्यावर घिरट्या घालत राहिली, आणि इकडे म्हातारी बाई थंड फरशीवर पडून राहिली. शेवटी तो पाहुणाच धावत खाली गेला आणि वाट दाखवत त्यांना वर घेऊन आला.

घोषणाताईने बैठक संपल्यावर फोन सुरू केला. त्यावर एका अनोळखी नंबरवरून खूप फोन येऊन गेले होते. तिने तो नंबर लावला, तर फोन इस्पितळात लागला.

इस्पितळात पोचली तेव्हा सासूबाईंना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, “आणायला उशीर झाला. अंगात ताकद कमी आहे. जगतील असं वाटतंय. चालतील का, ते मात्र आत्ता सांगता येणार नाही.”

नवरा भिंतीला टेकून उभा होता, हात अजून ग्रीसने काळे. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिला वाटलं, त्याने ओरडावं, काहीही बोलावं. तो फक्त म्हणाला, “त्या नवऱ्याबायकोला धक्क्यापासून वर यायची वाट तरी ठाऊक होती, हे नशीब.”

शस्त्रक्रिया पार पडली, पण पुढचे दिवस वाईट गेले. ताप चढायचा, उतरायचा. स्त्रियांच्या त्या अख्ख्या विभागाला एकच सिस्टर होती. इकडून हाक आली की तिकडे धावायची, तिकडून आली की इकडे. एकदा सलाईन बदलताना ती उभ्या उभ्या डुलकी घेतेय असं वाटून घोषणाताईने तिला बळेच स्टुलावर बसवलं.

“बाकीच्या सिस्टर कुठे गेल्या?”

“गेल्या गाव सोडून. राहणार कुठे?” सिस्टर डोळे चोळत म्हणाली. “माझीही खोली गेली गेल्या महिन्यात. आता चादरी ठेवतात ना, त्या खोलीत बाकावर झोपते. दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय, तिथे राहायला जागा देताहेत. मी गेले की हा विभाग बंद करायचं चाललंय त्यांचं.”

“मग आईंसारख्यांनी जायचं कुठे?”

सिस्टर स्टुलावरून उठली; पलीकडून पुन्हा हाक आली होती.

घोषणाताई बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि तोंडावर पदर दाबून ढसाढसा रडली. घर गेलं. सासू मरणाच्या दारात. आणि या सगळ्याचा माग काढत गेलं की प्रत्येक वेळी वाट आपल्याच टेबलापाशी येऊन संपते!

महिनाअखेर आलीच. मालकांनी फोन केला. मावशी पडल्या, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. “काळजी घ्या,” ते म्हणाले, आणि मग चाचरत म्हणाले, “बुकिंग झालंय हो, वहिनी. आता मागे कसं घेऊ?” त्यांनी आठवडाभर वाढवून दिला. नवऱ्याने सामान टेम्पोत भरलं आणि शेजारच्या गावात बहिणीच्या घरी नेऊन टाकलं. बहिणीचीही जागा इवलीशी. खाटेवर सामान, खाटेखाली सामान. माणसांनी उरलेल्या फटीत झोपायचं.

ताप उतरल्यावर सासूबाईंनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? “दुधाची पिशवी फुटली का गं?”

सून हसली नाही. पलंगाशी बसून तिने सगळं सांगून टाकलं. ते नाव, ती नकाशावरची खूण, साहेबांचं बोलणं, आपलं हसणं. बोलून झाल्यावर म्हणाली, “आई, मी ही नोकरी सोडते. हा धंदाच पापाचा आहे. लोकांना बोलवायचंच कशाला इथे?”

सासूबाईंनी छताकडे बघत ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझं डोकं मांडीवर कुणी घेतलं होतं?”

“त्या पाहुण्या बाईने.”

“मग पाहुण्यांना कशाला शिव्या देतेस? आणि जाहिरातीला तरी कशाला? एखादी जागा सुंदर आहे, हे चार लोकांना सांगणं पाप नाही. पण तू अर्धंच सांगितलंस. तळं सांगितलंस, टाकी सांगितली नाहीस. खिडकी सांगितलीस, त्या खिडकीमागून हलवलेला संसार सांगितला नाहीस. ज्यांना बोलावलंस, त्यांना खोटा पत्ता दिलास. आणि जे इथे राहत होते, त्यांना विचारलंच नाहीस.”

“मला वाटलं, आपलं काम फक्त शब्दांचं...”

“फक्त शब्द? अगं, तुझ्या एका वाक्याने गाव रिकामं होऊ शकतं, तर दुसऱ्याने भरूही शकेल की! किती लोक यावेत, कधी यावेत, कुणाच्या घरी राहावेत, हे सगळं लोक तुझ्या शब्दांवरून ठरवतात. शिक्षकाच्या हाती खडू असतो. त्याने फळ्यावर चूक लिहिली तर अख्खा वर्ग चूक उतरवून घेतो. म्हणून खडू टाकून पळून जायचं नसतं. चूक पुसायची असते. तीही सगळ्या वर्गासमोर.”

एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण सुनेचा हात काही त्यांनी सोडला नाही.

पुढच्याच आठवड्यात ती वेळ आली. नव्या मोहिमेचं सादरीकरण होतं. नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. घरांचे मालक, पालिकेचे अधिकारी, अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी. यंदा आणखी घरं, आणखी पाहुणे, असा साहेबांचा आग्रह होता. सादर करायचं होतं घोषणाताईने.

ती व्यासपीठावर गेली. पडद्यावर तळ्याचं चित्र आलं. तिला वाटलं, म्हणून टाकावं पाठ केलेलं आणि खाली बसावं. डोक्यावर छप्पर नाही, त्यात नोकरीही गेली तर करायचं काय? पण नाही! तिने ते चित्र बाजूला सारलं आणि ‘सरोवरस्वप्न’ची जाहिरात पडद्यावर आणली.

“ही जाहिरात मी लिहिली,” ती म्हणाली. “पायरी उतरलात की तळं, असं मी लिहिलंय. हे खोटं आहे. तळं चांगलं लांब आहे. नकाशावरची ही खूणही खोटी आहे. आमच्या ऑफिसने ती सरकवली. माझ्या सासूबाई त्या घरासमोर मोडल्या हाडाने पडल्या होत्या, तेव्हा रुग्णवाहिका माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून धक्क्यावर गेली.”

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतून एक मालक ओरडले, “वाईट झालं, ताई, पण एका अपघातापायी धंदा बंद करायचा का? आमच्या पोटावर पाय देता?”

“बंद करा म्हणतच नाही मी! माझा नवरासुद्धा बोटींवरच जगतो. पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर इस्पितळात सिस्टर नसेल, कारण तिची खोली आपण पाहुण्याला दिली. तुमच्या जिन्याचा कठडा सैल झाला तर सांगायला कुणी नसेल, कारण सांगणारा आपण घालवला. मग पाहुण्यांना दाखवायचं काय? तळं आणि कुलपं?”

“ताई, खाली बसा,” साहेब म्हणाले. त्यांनी हात पुढे करून ध्वनिक्षेपक बंद केला.

ती तशीच उभी राहिली. ध्वनिक्षेपकाशिवाय, होत्या त्या आवाजात म्हणाली, “त्या दार बडवत होत्या. हाका मारत होत्या. अख्ख्या इमारतीत त्यांना ओळखणारं एक माणूस नव्हतं.”

मागच्या रांगेत कुणीतरी उठून उभं राहिलं. तिचे घरमालक होते ते.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, “कुठलं दार?”

सांगावं की नाही, तिला कळेना. “तळमजल्यावरचं. डावीकडचं. त्या तुमच्या आईला हाका मारत होत्या, दादा.”

मालक मटकन खाली बसले. तो एवढा मोठा माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून लहान मुलासारखा रडू लागला. कंपनीचा प्रतिनिधी कागद गोळा करून निघून गेला.

तिची नोकरी त्याच दिवशी गेली. साहेब वाईट नव्हते, पण घाबरलेले होते. मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. ती बसने नणंदेच्या गावी परतली, तेव्हा आपण शहाणपणा केला की वेडेपणा, हे तिला खरोखर कळत नव्हतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “बघू,” एवढंच म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

इस्पितळातून आणलेल्या सासूबाई आता त्या इवल्याशा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. वॉकर धरून चार पावलं टाकली की थकायच्या. जिना चढणं आता कायमचं संपलं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चिमटे काढणंही बंद झालं होतं. घरात त्यानेच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

आणि एका सकाळी दारात घरमालक उभे राहिले.

“मावशी, परत चला,” त्यांनी पलंगापाशी खाली बसत म्हटलं. “आईचं घर मोकळं केलंय. तळमजला आहे, जिना नाही. कुलपाची पेटी काढून टाकली. मला माफ करा.”

नवरा, सून, नणंद सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्यांनी हळूच तोंड वळवलं.

“नाही येणार मी.”

“आई!” सून उभ्या जागी गार झाली.

“अरे बाबा, तुझ्या आईच्या घराला मी कधी नाही म्हणेन का?” सासूबाई मालकांना म्हणाल्या. “पण त्या इमारतीत मी फरशीवर पडून जे ऐकलंय ना, ती शांतता मला पुन्हा ऐकायची नाही. चार भिंती मला इथेही आहेत. मला घर नको, मला शेजार हवा. आहे का तुझ्याकडे?”

मालक म्हणाले, “तुमचं वरचं घर देतो एखाद्या राहत्या माणसाला. तुम्ही सांगाल त्याला.”

“त्या सिस्टरला दे. बाकावर झोपते बिचारी. ती राहिली तर इस्पितळातला विभागही राहील. आणि कठडा?”

“कालच बसवला.”

“मोठा शहाणा!” सासूबाई म्हणाल्या. त्या खोलीत आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला चिमटा. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

वाचकहो, यानंतर सगळं आलबेल झालं, असं मी सांगणार नाही. तीही एक खोटी जाहिरातच होईल. सासूबाई आज वॉकरवरच आहेत. गल्लीतल्या निम्म्याहून अधिक दारांवर कुलपांच्या पेट्या अजून लटकतात, आणि उन्हाळ्यात टाकी अजून कोरडी पडते. पण सिस्टर वरच्या मजल्यावर राहायला आली, विभाग बंद व्हायचा थांबला. तिच्यामागोमाग एका बसवाहकाचं कुटुंब दोघी बहिणींच्या जुन्या घरात आलं. सभागृहातल्या काही मालकांनी एकत्र येऊन ठरवलं, की आपण राहतो त्याच घरातली एखादी खोली पाहुण्याला द्यायची, अख्खं घर नाही. त्यांची जाहिरात लिहायला त्यांनी बोलावलं घोषणाताईला!

तिने लिहिलं ते असं: ‘आमच्याकडे खोल्या मोजक्याच आहेत. तळं चालत जाण्याइतकं लांब आहे. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून तेव्हा येऊ नका. पावसाळा सरल्यावर या. आणि कुठेही जा, खोली ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: शेजारी कोण राहतं?’

“अशी जाहिरात वाचून कोण येणार?” नवऱ्याने डोकं खाजवत विचारलं. आले. पूर्वीसारखे झुंडीने नाही, पण आले. दोन रात्रींऐवजी आठवडाभर राहू लागले, घरातल्या माणसांना नावाने हाक मारू लागले, आणि जाताना खरा पत्ता घेऊन गेले.

एखादं गाव सुंदर असतं ते तिथे राहणाऱ्या माणसांमुळे. त्यांना घालवून उरलेलं सौंदर्य विकणं हा पाहुणचार नव्हे, लूट आहे. विकणारा जितका जबाबदार, तितकाच शब्दांनी ती वस्तू सजवणाराही. आणि स्वस्त सोयीला भुलून डोळे मिटणारे आपणही. म्हणून, मित्रहो, पुढच्या सुट्टीत मोबाइलवर एखादी सुरेख खोली दिसेल, खिडकीत तळं किंवा डोंगर दिसेल, हाताचं बोट बुकिंगच्या खुणेकडे जाईल, तेव्हा क्षणभर थांबा. मालकाला फोन लावा आणि विचारा, शेजारी कोण राहतं? समोरून उत्तर आलं नाही, तर त्या खिडकीतलं दृश्य कितीही देखणं असो, तिथे जाऊ नका!